नव्वद सेकंदांचे एकल नृत्य कसे बांधावे

युरोपातील सार्वजनिक प्रसारण संस्थांची संघटना असलेल्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९८५ साली इटलीतील रेज्जो एमिलिया या शहरात ‘युरोव्हिजन यंग डान्सर्स’ ही स्पर्धा प्रथम भरवली आणि ती स्पेनने जिंकली. स्पर्धकाचे वय १६ ते २१ असावे, नृत्य हा त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय झालेला नसावा, त्याने आपल्या देशाच्या प्रसारण संस्थेमार्फत यावे आणि अंतिम फेरी दूरचित्रवाणीवरून अनेक देशांत दिसावी, असे तिचे स्वरूप होते. साधारणपणे दर दोन वर्षांनी भरणारी ही स्पर्धा २०१७ साली प्राग येथे आठ देशांच्या सहभागाने झाली; त्यानंतर ती भरलेली नाही. आपल्याकडच्या मुलांना तिचे दार कधी उघडे नव्हते, परंतु तिने रूढ केलेला साचा मागे राहिला आहे. जेमतेम दीड मिनिटाचे एकल नृत्य, शेवटी उरलेल्या दोघांचा समोरासमोर सामना आणि निरनिराळ्या शैलींच्या मुलांना एकाच पंक्तीत बसवून निवाडा करणारे परीक्षक, हे आज अनेक स्पर्धांत दिसते. ब्रिटनमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या ‘बीबीसी यंग डान्सर’मध्ये बॅलेच्या बरोबरीने दक्षिण आशियाई नृत्याचा स्वतंत्र विभाग होता आणि पहिल्याच वर्षी विद्या पटेल ही कथक नर्तकी त्या विभागातून अंतिम फेरीत पोहोचली होती. आपल्या शैली अशा मंचावर उभ्या राहू शकतात याविषयी म्हणूनच शंका नको. प्रश्न आहे तो तयारीचा.

हे मार्गदर्शन बडोद्यातील मराठी घरांतल्या त्या मुलामुलींसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि गुरूंसाठी आहे, ज्यांचे भरतनाट्यम किंवा कथकचे आठ-दहा वर्षांचे शिक्षण झाले आहे आणि आता एखाद्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची प्रवेशिका भरण्याचा विचार घरात चालू आहे. बडोद्याला या कामी मोठा वारसा आहे. १८८० साली सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी, झाला तेव्हा तंजावरहून नर्तकी, नट्टुवनार (नृत्याचे बोल म्हणत झांजांवर ताल देणारे गुरू) आणि वादक येथे आले आणि त्याच परंपरेतील गुरू कुबेरनाथ तंजोरकरांनी पुढे या शहरात पिढ्या घडवल्या. १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या गायनशाळेपासून सुरू झालेली संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. गुरू, वादक आणि जाणकार डोळे गावातच मिळतात. ते मिळवण्यासाठी मुंबई-पुण्याला धावण्याची गरज नाही.

कापू नका, नव्याने बांधा

स्पर्धेचे नियम हाती आले की बहुतेक ठिकाणी पहिला विचार येतो तो असा की, अरंगेत्रमला, म्हणजे पहिल्या जाहीर एकल कार्यक्रमात, केलेला तिल्लाना (समारोपाचे जलद नृत्य) चांगला बसलेला आहे, त्यातला शेवटचा दीड मिनिटाचा भाग घ्यावा. हा विचार तिथेच सोडून द्यावा, असे माझे ठाम मत आहे. आठ मिनिटांच्या तिल्लान्यातील शेवटचे तीर्मानम, म्हणजे पदन्यासाची समाप्ती, उठून दिसते, कारण त्याआधीच्या सात मिनिटांत प्रेक्षकाच्या कानात ताल मुरलेला असतो, अडवूंची, म्हणजे मूळ पदन्यासांची, ओळख झालेली असते आणि लय पायरीपायरीने चढलेली असते. तेवढाच तुकडा उचलून दाखवला तर पाहणाऱ्याला नुसती घाई दिसते. तबल्याची साथ नुकतीच सुरू झाली आणि लगेच चक्करदार तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) आली, तर कथकमध्येही हेच घडते. वर्णम या भरतनाट्यममधील दीर्घ रचनेचा तुकडा कापणे तर त्याहून वाईट, कारण वर्णमचा प्राणच विस्तारात आहे.

दीड मिनिटाची रचना आधी कागदावर मांडावी. आदितालाची आठ मात्रांची आवर्तने मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत घेतली, तर एक आवर्तन ६ सेकंदांचे होते आणि ९० सेकंदांत बरोबर १५ आवर्तने बसतात. सोळा मात्रांचा त्रिताल मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत घेतला तरी हाच हिशेब येतो. ही १५ आवर्तने म्हणजे आपली सगळी जागा. त्यातले पहिले आवर्तन मुलीने जागेवर स्थिर उभे राहून केवळ दृष्टी आणि ग्रीवा (मान) यांत घालवावे. दूरचित्रवाणीवर स्पर्धकाची ओळखफीत संपली की प्रकाश थेट तिच्यावर येतो. विंगेतून प्रवेश करण्याइतका वेळ तिथे नसतो. पुढची चार आवर्तने एकाच अडवू-कुळातील एका वाक्याला द्यावीत, आणि ते वाक्य असे निवडावे की अरमंडी (गुडघे बाहेर उघडून घेतलेली अर्धी बैठक), रेषा आणि तालाची पकड तिन्ही गोष्टी त्यातून दिसतील. त्यानंतरची पाच आवर्तने साहित्याच्या (गीताच्या) एका ओळीची, म्हणजे अभिनयाची. मग चार आवर्तनांत आधीचे तेच वाक्य दुप्पट लयीत आणि दुसऱ्या दिशेने यावे आणि शेवटच्या आवर्तनात कोरवै (अडवूंची समारोपाची मालिका) संपून मुद्रा स्थिर व्हावी. पाच वेगवेगळ्या गोष्टी दाखवण्यापेक्षा एकच गोष्ट दोनदा, दोन लयींत दाखवली की भरतनाट्यम कधीही न पाहिलेल्या परीक्षकालाही रचना कळते. हा आराखडा दगडावरची रेघ नव्हे. पण सुरुवात येथून करावी.

साहित्याची ओळ निवडताना वयाचे भान ठेवावे. सोळा वर्षांच्या मुलीने विरहोत्कंठितेचे (विरहाने व्याकूळ नायिकेचे) पद जवळच्या कॅमेऱ्यासमोर केले की भाव शिकवलेला आहे हे लपत नाही. सभागृहात पंधराव्या रांगेतून ते खपून जाते. चेहराच पडदाभर दिसतो तेव्हा खपत नाही. वात्सल्य, उत्सुकता, भक्ती, खोडकरपणा यांपैकी जे तिच्या वयात खरे आहे ते घ्यावे. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात भरतनाट्यमसाठी मराठी निरूपणे (एका कथानकात गुंफलेल्या नृत्यरचना) रचली गेली होती, विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात. बडोद्याच्या मराठी मुलीने त्यांतली एखादी ओळ घेऊन नाचावे, याहून योग्य निवड मला सुचत नाही. ते जमले नाही तर अभंगाचा एक चरणही पुरतो.

एक इशारा गुरूंनाही द्यावासा वाटतो. बॅले आणि समकालीन नृत्याच्या मुलांच्या उड्या पाहिल्या की आपल्या रचनेतही एखादी कोलांटी, एखादी उंच उडी घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. तिथे त्या प्रकारात आपल्यापेक्षा कितीतरी चांगली मुले असतात, आणि पूर्ण ९० सेकंद न उठलेली, गुडघे बाहेर उघडलेली अरमंडी मात्र त्यांच्यापैकी कोणाकडे नसते.

कॅमेऱ्यासमोरची तालीम

पहिली चाळणी जवळजवळ सर्वत्र चित्रफितीवरून होते. स्वित्झर्लंडमधील ‘प्री द लोझान’ ही १५ ते १८ वयोगटातील बॅले-विद्यार्थ्यांची स्पर्धा १९७३ पासून चालू आहे. तिथेही आधी चित्रफीत पाहूनच मुलांना बोलावणे येते. त्यामुळे फोनवर केलेले चित्रीकरण हा किरकोळ भाग मानू नये. ती पहिली फेरीच आहे.

फोन नेहमी आडवा, तिपाईवर, नर्तिकेच्या कमरेच्या उंचीवर ठेवावा. तो खांद्याच्या उंचीवर ठेवून खाली झुकवला की चांगली अरमंडीसुद्धा उथळ दिसते. खोली लहान असली म्हणून रुंद कोनाची लेन्स वापरू नये, कारण तिच्या कडांवर हात लांबुळके दिसतात आणि पुढे आलेला पाय अवाढव्य होतो. त्यापेक्षा सभागृह किंवा शाळेचा हॉल तासाभरासाठी मागून घ्यावा आणि फोन पुरेसा मागे न्यावा. डोक्यावर एक हात वर केला तरी वर थोडी जागा उरेल आणि पावले अलत्यासकट दिसतील, एवढी चौकट हवी. जमिनीवर चिकटपट्टीने चार कोपरे आखावेत, म्हणजे किती सरकायचे हे पावलांना कळते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात सेकंदाला ३० चौकटींचे चित्रीकरण केले तर चित्र लुकलुकण्याचा संभव असतो. फोनमध्ये २५ किंवा ५० चौकटींची सोय असल्यास ती निवडावी. चक्करांसाठी ५० बऱ्या, कारण त्यांत हात पुसट होत नाहीत. खिडकी नर्तिकेच्या पाठीशी नसावी. चित्रीकरण एकसलग करावे. मध्ये तोडजोड दिसली की परीक्षकाचा विश्वास उडतो, आणि बहुतेक ठिकाणी नियमही तसाच असतो.

पोशाखाबाबत थोडेच सांगायचे आहे. बारीक रेघांचे कापड पडद्यावर थरथरते, चकचकीत जर आणि नवे दागिने प्रकाश परावर्तित करून चेहऱ्यावरचे लक्ष काढून घेतात, आणि हिरव्या पडद्यापुढे हिरवी साडी हरवून जाते. पोशाखाचा पुढचा चुण्यांचा पंखा जुना असला तरी नीट इस्त्री केलेला असावा.

आता खरा अवघड भाग, दृष्टीचा. भरतनाट्यममध्ये आपण मुलींना शिकवतो की नजर सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. पाच मीटरवरच्या कॅमेऱ्याला ती नजर डोक्यावरून गेलेली दिसते. म्हणून नृत्तात (अभिनयाविना शुद्ध नृत्यात) दृष्टी लेन्सच्या उंचीवर, पण लेन्सच्या पार जाणारी ठेवावी. अभिनयात देव, सखी किंवा बाळ लेन्सच्या किंचित उजवीकडे, त्याच उंचीवर कल्पून त्या जागी भिंतीवर कागदाचा ठिपका चिकटवावा आणि तालमीत तोच ठिपका वापरावा. लेन्समध्ये रोखून अभिनय केला तर तो जाहिरातीसारखा दिसतो. स्टुडिओत अनेक कॅमेरे असतात आणि ज्याचे चित्र त्या क्षणी प्रक्षेपित होत असते त्याच्यावर लाल दिवा लागतो. त्या दिव्याच्या मागे नजर पळवण्याची सवय मुलांना चटकन लागते. समोरची एक दिशा ठरवून तीच पूर्ण वेळ समोर मानावी. कोणता कॅमेरा केव्हा घ्यायचा हे दिग्दर्शकाचे काम आहे.

जवळच्या चौकटीत हस्तमुद्रांचे काय होते हे एकदा प्रत्यक्ष पाहण्यासारखे असते. कटकामुख या हस्तमुद्रेने माळ गुंफून ती खांद्यावर टाकण्याची नेहमीची कृती एका विद्यार्थिनीने फार सुंदर केली होती, पण चित्रफितीत खांद्यापलीकडे गेलेले मनगट चौकटीबाहेर राहिले आणि माळ जिथे पडायला हवी तिथे नुसते कोपर दिसले. आम्ही हात चार बोटे खाली घेतला, कोपर शरीराजवळ आणले आणि माळेचे शेवटचे टोक गळ्यापाशी ठेवले. कृती तीच राहिली, तिचा पल्ला तेवढा कमी झाला. अभिनयाची पाचही आवर्तने अशा रीतीने, एकेक मुद्रा थांबवून, छाती-चेहऱ्याच्या चौकटीत तपासावीत. हे काम वेळखाऊ आहे. तरी यात घातलेली प्रत्येक संध्याकाळ कामी येते. स्पर्धेआधीचे शेवटचे काही आठवडे आरसा झाकून ठेवावा, कारण आरशात पाहून नाचणारी मुलगी कॅमेऱ्यासमोरही स्वतःलाच शोधत राहते.

शेवटची स्थिर मुद्रा संगीत थांबल्यावर मनात आठ मात्रा मोजून होईपर्यंत सोडू नये. श्वास छातीत दिसू नये म्हणून तो पोटातून घ्यायला शिकवावे.

आवाज, आणि परवानग्या

फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो. त्यामुळे पायाची थाप आणि घुंगरू वाजताच गाणे मागे जाते आणि पुन्हा वर येते. संगीत स्वतंत्रपणे फाइलमधून घ्यावे, घुंगरांसाठी जमिनीजवळ दुसरा फोन ठेवावा, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी आणि त्या टाळीवर दोन्ही फोनचे आवाज जुळवून फाइलमधले संगीत फोनमध्ये आलेल्या संगीताशी बसवावे. सेकंदाला २५ चौकटी असतील तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची. ततकारात (कथकच्या पदन्यासात) तीन चौकटींचा फरकसुद्धा डोळ्याला खुपतो आणि मुलगी बेताल आहे असा ग्रह होतो. जुळवणी म्हणूनच कसून तपासावी.

तंजावरच्या चार बंधूंच्या, म्हणजे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु यांच्या रचना जुन्या असल्यामुळे त्या सर्वांच्या आहेत. पण त्यांचे एखाद्या गायकाने केलेले ध्वनिमुद्रण सर्वांचे नसते. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो आणि प्रसारण संस्था परवानगीशिवाय ते वाजवू देत नाही. बाजारातील किंवा इंटरनेटवरील मुद्रण वापरण्याच्या भरीला पडू नये. आपल्या गुरूंचे नट्टुवांगम (झांजा आणि बोल), गावातल्याच गायकाचा आवाज, मृदंग किंवा तबला आणि सारंगी वा हार्मोनियमवरचा लेहरा (आवर्तन धरून ठेवणारी धून), एवढे मुद्रण एका दिवसात होते. ते झाले की प्रत्येक कलाकाराकडून प्रसारणाला संमती असल्याचे पत्र त्याच दिवशी सहीनिशी घ्यावे आणि ठरलेले मानधन हातात द्यावे.

जमीन, जोडी आणि नवरात्र

युरोपातील नृत्यमंचावर लाकडी पाटावर विनाइलचे आवरण घातलेले असते. आपली मुले फरशीवर किंवा कोटा दगडावर वाढलेली असतात. अनवाणी पाऊल विनाइलवर चिकटते, टाचेवरचे चक्कर अर्ध्यात अडकते आणि थापेचा आवाज दबका येतो. घरच्या फरशीवर विनाइलचा तुकडा अंथरून निदान चक्कर आणि उडी यांचा सराव करावा. सभागृहे थंड असतात, त्यामुळे अंग गरम करायला आपल्यापेक्षा दुप्पट वेळ धरावा. याउलट बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तालीम पहाटे उरकावी.

शेवटच्या दोघांचा सामना हा आपल्या मुलांना परका वाटू नये. कथकमध्ये सवाल-जवाब आहे, नट्टुवनाराच्या तोंडून आलेली जती (बोलांची रचना) ऐकून ती पायांत उतरवण्याची सवय भरतनाट्यममध्ये आहे. दोन विद्यार्थिनींना समोरासमोर उभे करून एकीने एका आवर्तनाचे वाक्य टाकावे आणि दुसरीने त्यातला एकच धागा, लय किंवा दिशा किंवा हात, उचलून उत्तर द्यावे. जसेच्या तसे परत करणे हे उत्तर नव्हे. समोरच्याकडे पाहणे, त्याला जागा देणे, आणि त्याचे वाक्य संपेपर्यंत थांबणे हे तिन्ही गुण कॅमेरा लगेच टिपतो. शेरीतला (गल्लीतला) गरबा लहानपणापासून खेळलेल्या मुलीला बाजूच्या पावलावरून अंदाज घेणे आपसूक येते. जोडीदार म्हणून बॅलेचा किंवा हिप-हॉपचा मुलगा मिळाला तर फारच उत्तम, आणि बडोद्यात तो मिळतो.

गरब्याविषयी आणखी एक. नवरात्रात मुले नऊ रात्री गरबा खेळणार, आणि खेळावेच. परंतु त्या आठवड्यात किंवा दसऱ्यानंतर लगेच चित्रीकरण ठेवू नये. पोटऱ्या ताठलेल्या असतात, तळवे सुजलेले असतात आणि झोप झालेली नसते. प्रवेशिकेची मुदत दिवाळीच्या आसपास असेल तर चित्रीकरण गणपतीच्या आधी उरकावे. सांधा दुखतो असे मुलीने सांगितले की तालीम थांबवावी आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. ‘नाचता नाचता बरे होते’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये.

कागदपत्रे आणि ओळखफीत

हौशी कोणाला म्हणायचे याचे उत्तर प्रत्येक स्पर्धेच्या नियमांत वेगळे असते. गरब्याच्या मंचावर किंवा लग्नाच्या संगीतात मुलीने मानधन घेतले असेल तर ते न लपवता आयोजकांना आधी लेखी विचारावे. अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट साधारणतः पाच वर्षे किंवा अठरावे वर्ष पूर्ण होईपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवरच चालतो. सतराव्या वर्षी निवड झालेल्या मुलीच्या बाबतीत ही तारीख आधी पाहावी, कारण शेंगेन (युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक) व्हिसासाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध लागतो. तो अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी आई-वडील दोघांची संमती. धाकटे भावंडही भारतातल्या एखाद्या वाहिनीच्या चित्रीकरणात भाग घेणार असेल आणि त्याचे वय चौदाच्या आत असेल, तर दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम करून घेता येत नाही, हा नियम पालकांनी निर्मात्यापुढे स्पष्ट मांडावा.

निवड झाल्यावर आयोजक मुलीची एक छोटी ओळखफीत तयार करतात आणि ती नृत्याच्या आधी दाखवतात. तीत मुलगी जिथे रोज तालीम करते तीच जागा दाखवावी, उसना राजवाडा नको. बोलणे तिने मराठीत करावे. खाली उपशीर्षके देण्याची सोय सर्वत्र असते, आणि ज्या भाषेत तिला ‘ताई, हे परत करू का’ असे विचारण्याची सवय आहे त्या भाषेत तिचा चेहरा मोकळा राहतो. उपशीर्षके करणाऱ्याला शैलीचे नाव, रागतालाची नावे, गुरूंचे व वादकांचे नाव आणि ओळीचा सरळ अर्थ एका पानावर टंकलिखित करून आधीच पाठवावा, आणि पडद्यावर नावे कशी उमटली आहेत हे रंगीत तालमीच्या दिवशी स्वतः पाहून घ्यावे.